साधन आणि साधना

(शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



सोलापूर जिल्ह्यात २०२० या एकाच वर्षी दोन घटना घडल्या. पहिलीची वार्ता जगभर पोहोचली. ३ डिसेंबर २०२० रोजी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून 'ग्लोबल टीचर प्राइझ' या पुरस्काराची घोषणा झाली आणि माढा तालुक्यातील परितेवाडी या लहानशा गावच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव पुकारले गेले. एकशे चाळीसहून अधिक देशांतून आलेल्या बारा हजारांवर नामांकनांतून ही निवड झाली होती. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर होती आणि ज्या कार्यासाठी तो मिळाला, त्यात पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या उपक्रमाला मानाचे स्थान होते.

दुसऱ्या घटनेची वार्ता त्यामानाने कमी लोकांनी वाचली. सोलापूर शहराच्या नीलमनगर भागात सूतगिरण्यांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांची वस्ती आहे. कोरोनाने शाळांना कुलपे लागली, शिकवणे मोबाईलवर आले. पण येथील कित्येक घरांत तसला मोबाईलच नव्हता. एका घरात एक असला, तर तो वडिलांबरोबर कामावर जाई. तेव्हा तेथील शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. बाराखडी, अंक, बेरीज-वजाबाकी, व्याकरणाचे नियम, विज्ञानाच्या आकृत्या. सुमारे तीनशे भिंती अशा रंगल्या. मुले वही-पेन्सिल घेऊन, तोंडाला रुमाल बांधून, एकमेकांपासून अंतर राखून भिंतीपुढे उभी राहत आणि धडा उतरवून घेत.

एकाच जिल्ह्यातले, एकाच वर्षातले हे दोन प्रसंग. एका ठिकाणी क्यूआर कोड, दुसऱ्या ठिकाणी रंगाचा डबा आणि ब्रश. 'विद्यार्थ्यांना भविष्यासाठी घडवताना तंत्रज्ञानाचा वापर कसा करावा' हा आजचा विषय. तर मग या दोघांपैकी तंत्रज्ञान कोणाला कळले, असे म्हणायचे? उत्तर देण्याची घाई करू नये. कारण त्या उत्तरावरच आपल्या घरातल्या मुला-मुलींचे बरेच काही अवलंबून आहे.

पानावरची खिडकी

डिसले यांना प्रथम माहिती-तंत्रज्ञानाचे अभियंता व्हायचे होते. अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट राहिले, वडिलांनी अध्यापनाचा मार्ग सुचवला, आणि २००९ मध्ये ते परितेवाडीच्या शाळेत रुजू झाले. मोडकळीला आलेली, गुरांच्या गोठ्याला लागून असलेली शाळेची इमारत, असे त्या वेळचे वर्णन पुरस्काराच्या निमित्ताने प्रसिद्ध झाले होते. अशा जागी रुजू झालेला तरुण बदलीच्या अर्जाची तारीख मोजत बसतो, हा सर्वसाधारण अनुभव. येथे तसे झाले नाही.

क्यूआर कोड ही काही डिसले यांची शोधलेली वस्तू नव्हे. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने १९९४ मध्ये ती शोधली. मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग ओळखता यावेत, एवढाच तिचा मूळ हेतू. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन म्हणजे एक प्रकारची लिपीच आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्याने ती वाचली की तिच्यात दडलेला पत्ता उघडतो आणि त्या पत्त्यावर ठेवलेली ध्वनिफीत, चित्रफीत वा प्रश्नावली समोर येते. मोटारीच्या भागावरचा हा चौकोन कवितेच्या पानावर लावता येईल, हे ज्याला सुचले तो शिक्षक. कविता पुस्तकात मुकी असते. तिची चाल कानावर पडली की ती मुलाच्या ओठांवर बसते. ज्या घरात आई-वडिलांना अक्षरओळख नाही, त्या घरात रात्री धडा वाचून दाखवणारे कोणी नसते. तो चौकोन त्या घरात धडा वाचून दाखवू शकतो.

पुढे महाराष्ट्र शासनाने ही कल्पना उचलून धरली आणि २०१७ मध्ये राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी केंद्राचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले. २०१८ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पुस्तकांसाठीही हाच मार्ग जाहीर झाला. एका वाडीवरच्या वर्गात रुजलेली गोष्ट देशाच्या पुस्तकांत गेली.

यात ध्यानी घेण्याजोगी बाब अशी की पुस्तक जागेवर राहिले. त्याच्या पानाला केवळ एक खिडकी पडली. छापील पुस्तक वीज मागत नाही, पडले तर फुटत नाही, धाकट्या भावंडाला पुढच्या वर्षी चालते. खिडकी उघडली तर अधिक प्रकाश. न उघडली तरी पान वाचता येतेच. मोबाईल दिवसभर वडिलांपाशी असला आणि संध्याकाळी अर्धा तास मुलाच्या हाती आला, तरी काम भागते. साधनांच्या टंचाईत राहणाऱ्या मुलाचा पूर्ण दिवस ज्याने डोळ्यांसमोर ठेवला आहे, त्यालाच असे सुचते.

आणि एक गोष्ट. पुरस्कार जाहीर होताच डिसले यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे पंचावन्न हजार डॉलर आले. शिक्षक हा देण्यावर आणि वाटून घेण्यावर श्रद्धा ठेवणारा असतो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ज्ञान दिल्याने वाढते, हे आपण सुभाषितांत वाचतो. धनादेशाच्या बाबतीत ते आचरणात आणणारा विरळा.

शाळा मुलाच्या अंगणात

आता पालघर जिल्ह्यातल्या दांडवळ गावाकडे वळू. २०२० च्या जून महिन्यात तेथील वनवासी पाड्यांवर एका स्वयंसेवी संस्थेने 'बोलकी शाळा' सुरू केली. मोबाईलला रेंज मिळण्याची शाश्वती नाही, घरोघर यंत्र नाही. तेव्हा ध्वनिमुद्रित धडे लाऊडस्पीकरवरून ऐकवायचे, मुलांनी मोकळ्या जागेत दूर दूर बसून ऐकायचे, सोबतच्या कार्यकर्त्यांनी समजावून सांगायचे. मुले त्या आवाजाला 'स्पीकर दीदी' म्हणू लागली. लग्नसराईत आणि निवडणुकीत कानठळ्या बसवणारा तो कर्णा तेथे मास्तरीण झाला.

हा सारा परिसर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. डहाणू तालुक्यातली कोसबाडची टेकडी येथून फार दूर नाही. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडला गेले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांना भावंडे सांभाळायची असतात, गुरे राखायची असतात, हे त्यांनी पाहिले आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असा उलटा विचार केला. 'अंगणवाडी' हा आज देशभर रूढ झालेला शब्द त्या विचारातून आला. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून खडे, बिया, पाने, शंख-शिंपले, माती यांचीच साधने त्यांनी केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली.

शंखशिंपल्यांपासून क्यूआर कोडपर्यंत साधने पालटली. परंतु कोसबाड, परितेवाडी, नीलमनगर आणि दांडवळ यांना जोडणारा धागा एकच आहे. प्रत्येक ठिकाणी आरंभ मुलापासून झाला. हे मूल कोठे राहते, त्याच्या घरात काय आहे, काय नाही, त्याचा वेळ कोठे जातो, त्याला कशाची गोडी लागेल, हे प्रश्न आधी आले. वस्तू नंतर आली. म्हणून प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे की तंत्रज्ञान त्या दोघांनाही कळले होते. ज्याच्यापाशी जे होते, त्यातून त्याने आपल्या मुलांसाठी योग्य ते निवडले.

यंत्रांची आश्वासने

याउलट आरंभ यंत्रापासून झाला तर काय होते, याचाही अनुभव जगाच्या गाठीशी आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेखाली लक्षावधी लॅपटॉप शाळांतून वाटले. हेतू उदात्त होता, यंत्रे मजबूत होती. २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी तेथील ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे पंधरा महिन्यांच्या वापरानंतरही गणितात वा भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे दिसले नाही. विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडा लाभ दिसला, एवढेच. यंत्र वर्गात आले होते. त्याचे काय करायचे, हे शिक्षकाला पुरेसे कोणी सांगितले नव्हते.

आपल्या देशाने हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी अधिक शहाणपणाने हाताळला होता, याचे विस्मरण होऊ नये. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षापुरता उपलब्ध झाला होता; सहा राज्यांतील २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसवले गेले. ज्या खेड्यांत धड रस्ता नव्हता, तेथे उपग्रहावरून चित्र उतरू लागले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम असत, सायंकाळी शेतकऱ्यांसाठी. प्रा. यशपाल यांच्यासारखे शास्त्रज्ञ या कामात होते. या योजनेत प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याच्या प्रशिक्षणाचाही समावेश होता. मुलांना चित्र दाखवून शिक्षकाला घरी बसवावे, असा विचार त्या मंडळींनी केला नाही. चित्र संपल्यावर मुलांचे प्रश्न शिक्षकाकडेच येणार, हे त्यांना ठाऊक होते.

आकाशवाणी आली, दूरचित्रवाणी आली, संगणक आला, इंटरनेट आले. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी भाकीत केले की आता शिक्षकाचे काम संपले. ते संपले नाही. मात्र दर वेळी ते अधिक कठीण झाले, हे मान्य करायला हवे.

भविष्याची गणिते

'भविष्यासाठी तयारी' हा शब्दप्रयोग आज प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकावर असतो. परंतु भविष्य म्हणजे नेमके काय? येथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल, एके काळी मॅट्रिक झालेल्या मुलाला वडील टंकलेखनाच्या क्लासला घालीत. तालुक्याच्या गावी जिन्याखालच्या खोलीत पाच-सहा यंत्रे खडखडत असत. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, जमल्यास लघुलेखन. हे प्रमाणपत्र हाती आले की सरकारी कचेरीची वाट मोकळी. ते त्या काळचे भविष्य होते. गोदरेज अँड बॉईसने २००९ मध्ये टंकलेखन यंत्रांचे उत्पादन थांबवले आणि ते भविष्य भूतकाळात गेले.

त्यानंतर २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले. गावोगावची मुले-मुली, गृहिणी, सरकारी कर्मचारी माऊस धरायला शिकले. ते आवश्यक होते, उपकारकही ठरले. परंतु आज ते ज्ञान कोणी 'भविष्य' म्हणून विकत घेणार नाही. ते गृहीतच धरले जाते. काही वर्षांपूर्वी लहान मुलांच्या कोडिंगच्या शिकवण्यांच्या जाहिरातींनी पालकांची झोप उडवली होती. आता संगणकाचा आज्ञावली-लेखही यंत्र लिहून देऊ लागले आहे.

मग टंकलेखनाच्या त्या पिढीचे श्रम वाया गेले काय? तसे नाही. यंत्र अडगळीत गेले. पण त्या क्लासात ज्याने शुद्ध लिहिण्याची, ओळ न गाळण्याची, एक चूक झाली तर पान पुन्हा करण्याची सवय लावून घेतली, तो संगणकापुढेही अडखळला नाही. यंत्रापुरते शिकलेले यंत्राबरोबर जाते. अंगी मुरलेले पुढच्या यंत्रापाशी उपयोगी पडते. वाचलेले समजणे, नीट मांडता येणे, अंदाज बांधता येणे, चूक ओळखता येणे, कंटाळा आला तरी बसून राहणे, या गोष्टी कोणत्याही भविष्यात लागणारच. साधन बदलत राहील. साधना तीच राहणार आहे.

घरात मोबाईल, हातात काय?

आणि नेमके येथेच आजचे चित्र काळजी वाटावे असे आहे. मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेली 'प्रथम' ही संस्था देशभर 'असर' ही पाहणी करते. २०२३ च्या पाहणीत चौदा ते अठरा वर्षे वयाच्या ग्रामीण मुला-मुलींची स्थिती तपासली गेली. सुमारे नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि जवळजवळ सर्वांना तो वापरता येत होता. त्याच मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांना आपल्याच प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित निम्म्याहून अधिक जणांना सुटले नाही.

पुढच्या, म्हणजे २०२४ च्या पाहणीने आणखी एक गोष्ट दाखवली. चौदा ते सोळा वयोगटातील ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांच्यापैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के होते. साधन घरात आले, त्याचा सराव झाला. साधना मात्र मागे पडली.

माता-भगिनींनी ध्यानात घ्यावी अशीही एक नोंद २०२३ च्या पाहणीत आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींपैकी सुमारे २० टक्क्यांकडेच. प्रत्येक मुलीला फोन घेऊन द्यावा, असा याचा अर्थ नाही. पण घरातला एकच फोन संध्याकाळी मुलाच्या हाती जातो आणि मुलगी पोळ्या लाटायला जाते, हे आपल्या घरी घडत नाही ना, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. तंत्रज्ञान दारात आले तरी उंबरठ्याच्या आत कोणाच्या वाट्याला ते किती येते, हे घरातली माणसेच ठरवतात.

उत्तर देणारे यंत्र

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' लोकांसमोर आले आणि प्रश्नाने नवे रूप घेतले. तोवरची यंत्रे माहिती शोधून देत. हे यंत्र उत्तर लिहून देते. 'माझी आई' या विषयावर निबंध मागा, क्षणात मिळतो. व्याकरण बरे, शब्द गोड. फक्त त्यात त्या मुलाची आई नसते. पहाटे उठून डबा करणारी, पाळीवरून थकून येणारी, शिवणयंत्रावर वाकलेली, रागावून नंतर जवळ घेणारी जी आई त्या मुलाने पाहिली आहे, ती त्या निबंधात येऊ शकत नाही. तिला तेथे आणण्याचे श्रम म्हणजेच निबंध. ते श्रम टळले, की वही भरते आणि मूल रिकामे राहते.

म्हणून यंत्राला बंदी घालावी काय? हा मार्ग टिकणारा नाही. उद्याच्या कचेरीत, रुग्णालयात, शेतात, कारखान्यात ही बुद्धिमान यंत्रे असणारच आणि आपली मुले त्यांच्यापुढे बुजून उभी राहावीत, असे कोणालाही वाटणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही माध्यमिक टप्प्याच्या आधीपासून संगणकीय विचारपद्धतीची ओळख करून देण्याचे म्हटले आहे. प्रश्न क्रमाचा आहे. पूर्वी पंतोजी मुलांकडून पावकी, निमकी, औटकी घोकून घेत. त्यातले सारेच आज जपावे असे नाही. पण ज्याला पाढे येतात, त्याला गणकयंत्रावर आकडा चुकून दाबला गेल्याचे लगेच कळते. ज्याला येत नाहीत, तो चुकीचे उत्तरही निमूटपणे वहीत उतरवतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे तसेच आहे. ती आत्मविश्वासाने चुकते. तिची चूक पकडण्याइतके ज्ञान ज्याच्यापाशी आहे, त्याचीच ती चाकर होते. इतरांची ती मालक होईल.

तेव्हा वर्गातल्या शिक्षकाने काय करावे? निबंध आधी मुलाने स्वतःच्या हाताने वर्गात लिहावा. मग यंत्राने लिहिलेला त्याच विषयाचा निबंध फळ्यावर घ्यावा आणि मुलांना विचारावे, यातले खरे काय, पोकळ काय, चूक काय? आपल्या गावच्या इतिहासाबद्दल यंत्राला प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर गावातल्या वृद्धांकडून, ग्रामपंचायतीच्या दप्तरातून, मंदिराच्या शिलालेखावरून पडताळून पाहावे. अशा एका तासात मूल यंत्र वापरायलाही शिकते आणि त्याला प्रश्न विचारायलाही. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. तयारी करून आलेला शिक्षक लागतो.

जगही आता या मताकडे वळू लागले आहे. युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक शिक्षण अहवालात बजावले की तंत्रज्ञानाचा वापर शिकण्याला साहाय्य होत असेल तेव्हाच करावा आणि शिक्षकाशी होणाऱ्या प्रत्यक्ष संवादाची जागा त्याला देऊ नये. स्वीडनसारख्या अतिप्रगत देशाने त्याच वर्षी लहान मुलांच्या हाती पुन्हा छापील पुस्तके देण्यासाठी शासकीय तिजोरी उघडली. जे देश या वाटेने आधी गेले, ते परत येताना सांगत असलेला अनुभव आपण जातानाच ऐकून ठेवणे शहाणपणाचे.

सात वाजताचा भोंगा

शेवटी सांगली जिल्ह्यातल्या एका गावाची गोष्ट. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. टाळेबंदीत मुलांच्या हाती अभ्यासासाठी मोबाईल आले. शाळा उघडल्या, पण मोबाईल हातातून सुटेनात. गुरुजींच्या तक्रारी घरी आणि घरच्यांच्या तक्रारी शाळेत येऊ लागल्या. तेव्हा गाव एकत्र बसले आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून एक रीत सुरू झाली. रोज संध्याकाळी सात वाजता गावातल्या मंदिरावरचा भोंगा वाजे. तो वाजला की घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल दीड तास बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. आरंभी लोक साशंक होते. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर गेले, समजावीत राहिले. हळूहळू ती गावाची सवय झाली.

या गावाने तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवली नव्हती; भोंगा हेही यंत्रच आहे. सकाळी तोच मोबाईल बाजारभाव सांगत होता, दुपारी बँकेचे काम करीत होता. गावाने फक्त यंत्राला त्याची वेळ नेमून दिली. आणि ध्यानात घ्या, तो भोंगा मुलांपुरता नव्हता. आई मालिका पाहत आहे, वडील अंगठ्याने चित्रफिती सरकवत आहेत आणि मुलाला सांगितले जाते, 'जा, अभ्यास कर', हे जगात कोठेही चालत नाही. वडगावात नियम मोठ्यांनी आधी स्वतःला लावून घेतला. म्हणून तो मुलांना लागू पडला.

सज्जनहो, परितेवाडीसारखा सन्मान प्रत्येक शाळेच्या वाट्याला येणार नाही, त्याची गरजही नाही. येथे उपस्थित असलेल्या प्रत्येक शिक्षकापाशी एक वर्ग आहे आणि प्रत्येक पालकापाशी एक संध्याकाळ आहे. शिक्षकांनी उद्याच्या पाठासाठी एखादे साधन निवडताना आपल्या वर्गातल्या सर्वांत मागे बसणाऱ्या मुलाचा चेहरा आठवावा. त्याच्या घरी ते उघडेल काय? त्याला ते समजेल काय? ते बंद केल्यावर तो काय बोलू शकेल? ही तीन उत्तरे समाधानकारक असतील, तर साधन खुशाल वापरावे. मग तो क्यूआर कोड असो, कृत्रिम बुद्धिमत्ता असो वा घराची भिंत.

पालकांसाठी याहूनही सोपे काम आहे. आपल्या गावी, आपल्या सोसायटीत भोंगा असण्याची आवश्यकता नाही. आज घरी गेल्यावर पाठ्यपुस्तकातला तो काळा-पांढरा चौकोन मुलाबरोबर बसून एकदा उघडून पाहावा. बहुतेक घरांत तो अजून कोणी उघडलेलाच नसेल. कविता दोघांनी मिळून ऐकावी. मग फोन फळीवर ठेवावा आणि मुलाला म्हणावे, 'आता तू म्हणून दाखव.'

त्याला ती म्हणता येते की नाही, यावरून त्याच्या भविष्याचा अंदाज आपल्याला पुष्कळसा येईल.